दोन बारीक वेण्या: केसाची जाडी वाढते का, याचे एक प्रकरण

गोव्यातील फोंड्याच्या माझ्या दवाखान्यात ऑगस्टमधल्या एका मुसळधार पावसाच्या सकाळी मार्दोळच्या बाजूने एक माय-लेक आल्या. मुलगी 27 वर्षांची, कुंडई औद्योगिक वसाहतीतील एका औषध कारखान्यात गुणवत्ता तपासणी विभागात नोकरीला. आई 54 वर्षांची, घर आणि कुळागर (माड-पोफळीची बाग) सांभाळणारी. नाव नोंदवले होते ते फक्त मुलीचे. केस फार गळत नाहीत, टाळू दिसत नाही, कोंडा नाही. तक्रार एवढीच की एकेक केस इतका बारीक आहे की वेणी उंदराच्या शेपटीसारखी दिसते, क्लिप घसरते आणि कार्यात माळलेली जायांची फाती (गजरा) अर्ध्या तासात मानेवर येते. तिने विचारलेला प्रश्नही तिच्या नोकरीला शोभेल असा नेमका होता: "डॉक्टर, केसांची संख्या वाढवून नकोय, आहेत तेच केस जाड होतील का?"

हा प्रश्न इतक्या स्वच्छ शब्दांत क्वचितच विचारला जातो, म्हणून हे प्रकरण सविस्तर नोंदवीत आहे. ओळख पटू नये यासाठी काही वैयक्तिक तपशील बदलले आहेत.

'केस पातळ झाले' असे आपण म्हणतो तेव्हा त्यात तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. काहींचे केस संख्येने भरपूर असतात, पण प्रत्येक केस जन्मतःच बारीक असतो. काहींचे केस जाड असतात, पण विरळ झालेले असतात. तिसऱ्या प्रकारात पूर्वी जाड असलेला केस दर वेळी नव्याने उगवताना आधीपेक्षा बारीक उगवतो आणि हे इतके सावकाश होते की भांग रुंद होईपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. तिन्हींना आपण एकच शब्द वापरतो, बाजारही तिन्हींना एकच बाटली विकतो, आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो.

या मुलीने तीन वर्षांत बरेच काही करून पाहिले होते. कांद्याचा रस चार महिने लावला होता. पार्लरमध्ये केराटिन करून घेतले होते. त्यामुळे केस सरळ आणि चकचकीत झाले, पण डोक्याला आणखीच चिकटून बसले आणि वेणी पूर्वीपेक्षा बारीक दिसू लागली. एका मावशीने "एकदा चकोट कर, दाट येतील" असा सल्ला दिला होता; तो मात्र तिने मानला नव्हता. एप्रिलपासून ती रोज 10 मिलिग्रॅम बायोटिनची (ब गटातील एका जीवनसत्त्वाची) गोळी घेत होती आणि गोळीचा गुण येत आहे असा तिचा ठाम समज होता. पुरावा म्हणून तिने वहीच काढून दाखवली.

त्या वहीमुळे हे प्रकरण मला इतरांहून वेगळे वाटते. मार्चमध्ये तिने कारखान्याच्या वातानुकूलित प्रयोगशाळेत डिजिटल मायक्रोमीटरने स्वतःचे 20 केस मोजले होते. केस पूर्ण गोल नसतो, त्याचा छेद थोडा लंबगोल असतो, हे ठाऊक असल्यामुळे प्रत्येक केस फिरवून तीन ठिकाणी मोजला होता. सरासरी आली होती 52 मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरच्या हजार भागांपैकी 52 भाग. माणसाच्या डोक्यावरचा केस ढोबळमानाने 50 ते 100 मायक्रॉनच्या दरम्यान असतो, तेव्हा 52 हा आकडा बारीक टोकाचाच. पुढे जुलैमध्ये तिने स्वतः विकत घेतलेल्या तशाच उपकरणाने घरी पुन्हा मोजणी केली आणि सरासरी 55 आली. चार महिन्यांत तीन मायक्रॉन. बायोटिनच्या बाजूने याहून चांगली साक्ष कोणती असणार?

मी तिला एकच विचारले, की जुलैमध्ये मोजताना केसाचा कोणता भाग घेतला होता. टाळूपासून साधारण 30 सेंटीमीटरवरचा, कारण तिथे केस चिमटीत धरायला सोपा जातो, असे तिने सांगितले. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. म्हणजे टाळूपासून 30 सेंटीमीटरवरचा भाग अडीच वर्षांपूर्वी उगवलेला होता, आणि टाळूच्या बाहेर आलेला केस हा केराटिन नावाच्या प्रथिनाचा मृत धागा असतो. त्यात रक्तवाहिनी नाही, पेशींची वाढ नाही. एप्रिलमध्ये घेतलेली गोळी अडीच वर्षे आधी बाहेर पडलेल्या केसापर्यंत पोहोचण्याचा मार्गच नाही. गोळीमुळे काही व्हायचेच असते तर ते टाळूलगतच्या तीन-चार सेंटीमीटरमध्ये दिसले असते. ती क्षणभर गप्प झाली आणि मग स्वतःच म्हणाली, "मग ही हवा असणार."

हवाच होती. केराटिन पाणी शोषते आणि तसे करताना केस लांबीला जेमतेम एक-दोन टक्के वाढतो, पण जाडीला बराच फुगतो. पूर्ण भिजला की जाडी सुमारे 15 टक्क्यांनी वाढते. केसाच्या या स्वभावावरच जिनिव्हाच्या ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर यांनी 1783 मध्ये हवेतील आर्द्रता मोजण्याचे यंत्र बनवले होते. वातानुकूलित प्रयोगशाळेतील कोरडी हवा आणि गोव्याच्या आषाढातील घर, जिथे कपाटातल्या चामडी चपलांनाही बुरशी येते, यांच्यात तीन मायक्रॉनचा फरक पडणे अगदी स्वाभाविक आहे. तेच केस तिने पुढच्या आठवड्यात प्रयोगशाळेत काही तास ठेवून मोजले आणि आकडा पुन्हा 52 वर आला. पावसाळ्यात अनेकींना केस दाट झाल्यासारखे वाटतात त्यामागे हेच कारण असते.

बायोटिनने दुसराही एक घोळ घातला होता. महिनाभरापूर्वी तिने केलेल्या रक्त तपासणीत टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारे संप्रेरक) फारच कमी आणि थायरॉइडचे संप्रेरक वाढलेले दिसत होते, म्हणजे कागदावर तिची थायरॉइड ग्रंथी जोमाने काम करत होती. तिला धडधड नव्हती, वजन घटले नव्हते, हात थरथरत नव्हते. थायरॉइडच्या अनेक चाचण्यांच्या पद्धतीतच बायोटिनचा वापर होतो, त्यामुळे मोठ्या मात्रेतील बायोटिन घेणाऱ्याच्या रक्तात असे खोटे निष्कर्ष येऊ शकतात. हृदयविकाराच्या निदानासाठी होणाऱ्या ट्रोपोनिनच्या चाचणीबाबतही हाच धोका असल्याचा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2017 मध्ये दिला होता. गोळी आठवडाभर बंद करून तपासणी पुन्हा करविली. टीएसएच व्यवस्थित आले. शरीरात बायोटिनची खरी कमतरता दुर्मीळ असते आणि ती नसताना गोळीने केस जाड होतात याला भरवशाचा आधार नाही, हे त्या वेळी वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

बाकीच्या उपायांचा निकाल थोडक्यात लावता येतो. कांद्याच्या रसाचा जो छोटा अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला आणि ज्याचा दाखला सगळीकडे दिला जातो, तो चाईवर होता. बारीक केसाशी त्याचा संबंध नाही. भादरल्याने केस जाड येत नाहीत हे अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी 1928 मध्येच मोजून दाखवले होते. कापलेल्या केसाचे टोक बोथट असते, न कापलेल्याचे निमुळते, म्हणून नवा खुंट हाताला राठ लागतो इतकेच. जावळ काढल्यावर बाळाचे केस दाट येतात हा आपल्याकडचा घरोघरीचा अनुभव खराच आहे, पण ते न काढताही तसेच आले असते, कारण त्या वयात बाळाचे तलम केस जाऊन जाड केस यायचेच असतात. मावशींना हे पटवण्याची जबाबदारी मी घेतली नाही.

खोबरेल तेलाबद्दल मात्र आईने विचारले आणि ते उत्तर महत्त्वाचे आहे. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की धुताना केसातून जी प्रथिने निघून जातात ती झीज खोबरेलाने कमी होते. त्यातील लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरते, सूर्यफुलाचे किंवा खनिज तेल तसे शिरत नाही. म्हणजे तेलाने आहे तो केस टिकतो, तुटत नाही. त्याची जाडी वाढत नाही. उलट बारीक केसावर जास्त तेल राहिले तर केस एकमेकांना चिकटून वेणी अधिकच बारीक दिसते.

मुलीच्या टाळूची तपासणी डर्मोस्कोपने, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने केली. डोक्याच्या माथ्यावर, कानामागे आणि मानेजवळ, सगळीकडे केस एकसारख्या जाडीचे होते आणि एकेका छिद्रातून दोन-तीन केस येत होते. मग तिच्याच केसाकडून तिचा इतिहास विचारला. टाळूलगतचा भाग आणि टोकाजवळचा, म्हणजे तीन वर्षांहून जुना भाग, एकाच खोलीत मोजले: 52 आणि 51. टोकाकडची किरकोळ घट घासण्या-विंचरण्याची. केस बारीक होत गेला असता तर टोक जाड आणि मूळ बारीक दिसले असते. तेव्हा हा आजार नव्हे, ही तिची घडण.

केसाची जाडी ठरते ती टाळूच्या आत. प्रत्येक केसाच्या मुळाशी पेशींचा एक लहानसा गुच्छ असतो. तो जेवढा मोठा, तेवढा केस जाड. या मुळांची मांडणी बाळ आईच्या पोटात पाच-साडेपाच महिन्यांचे होईपर्यंत पूर्ण होते आणि नंतर नवी मुळे तयार होत नाहीत. जो गुच्छ मुळातच लहान आहे त्याला मोठा करण्याचे औषध आज माझ्याकडे नाही, आणि ज्यांच्याकडे ते आहे असे जाहिरातीत लिहिलेले असते त्यांच्याकडेही नाही. केसांवर पातळ थर चढवणारी जी द्रव्ये मिळतात ती काही मायक्रॉनची भर खरोखर घालतात, पण ती पुढच्या आंघोळीपर्यंत.

तिला सर्वांत पटले ते गणित. तिच्या एका मैत्रिणीचे केस तिने मोजले होते, ते 75 मायक्रॉनचे होते. दोघींच्या डोक्यावर सारखेच केस आहेत असे धरले, साधारण लाखभर, तर वेणीचा छेद जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो: मैत्रिणीची वेणी दुपटीहून थोडी अधिक भरते. आणि केसाचा ताठपणा तर जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे मैत्रिणीचा प्रत्येक केस सव्वाचार पट ताठ. फाती घसरते, क्लिप टिकत नाही, याचे कारण केसांची संख्या नव्हे, हा ताठपणा. लांब वेणीच्या वजनाने मऊ केस आणखी खाली ओढला जातो. म्हणून सल्ला असा दिला, की केस खांद्यापर्यंत आणि टोकाला सरळ एका रेषेत कापावेत, थर पाडू नयेत. कंडिशनर फक्त टोकांना लावावा. तेल धुण्याच्या आदल्या रात्री थोडे. आणि फाती माळायची असेल त्या दिवशी केस धुऊन लगेच न माळता आदल्या दिवशी धुवावेत, कारण नुकताच धुतलेला केस फार गुळगुळीत असतो. रक्तात लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन कमी, 14 आले होते. त्यासाठी लोहाच्या गोळ्या दिल्या, पण हे रक्तासाठी आहे, केसाच्या जाडीसाठी नव्हे, हे चिठ्ठीवर लिहून दिले.

एवढे होईपर्यंत आई मागच्या खुर्चीवर बसून होती. जाताना तिने सहज म्हटले, "माझेही तिच्यासारखेच बारीक, तिला माझ्यावरूनच आले." मुलीचे केस तपासून झाल्यावर ही ओळ ऐकणे म्हणजे निदानाला बसलेली हलकीशी टपली होती. मी तिला अंबाडा सोडायला सांगितले. अंबाड्याच्या आत गंगावन होते, आणि तिच्या भांगाची रेघ पुढच्या बाजूला रुंद होत मागे निमुळती होत गेली होती. डर्मोस्कोपखाली माथ्यावर शेजारशेजारी जाड, मध्यम आणि अगदी लवेसारखे केस दिसत होते; मानेवरचे केस मात्र एकसारखे. माथ्यावरच्या केसांच्या जाडीत असा 20 टक्क्यांहून अधिक फरक दिसला, की वयाबरोबर होणाऱ्या स्त्रियांच्या केसविरळीचा संशय पक्का होत जातो.

मग गंगावनाविषयी विचारले. ते बाजारातून आणलेले नव्हते. लग्नाआधी तापाच्या मोठ्या आजारपणात तिचे केस कापावे लागले होते आणि तिच्या आईने ते जपून ठेवून त्यांचेच गंगावन करवून घेतले होते. म्हणजे तिच्या विशीतले केस आमच्यासमोर टेबलावर होते. मुलीने ते प्रयोगशाळेत नेले आणि आठवड्याने आकडे पाठवले: गंगावनातील केस सरासरी 66 मायक्रॉन, आईच्या मानेवरचे आजचे केस 63, माथ्यावरचे सरासरी 45, त्यातले काही 30 च्या खाली. माझ्या इतक्या वर्षांच्या व्यवसायात एवढा स्पष्ट 'आधी' मला कोणाच्या घरून मिळालेला नाही.

म्हणजे आईला मुलीसारखे केस कधीच नव्हते. तिचे मूळ केस चांगले जाड होते आणि माथ्यावरच ते आकसत गेले होते. या प्रकारात प्रत्येक चक्रात केसाचा वाढीचा काळ थोडा तोकडा होतो आणि मुळाशी असलेला पेशींचा गुच्छ थोडा लहान होतो. पुरुषांमध्ये यामागे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक ठळकपणे असते, स्त्रियांमध्ये चित्र तितके सरळ नाही. पण मुळे मेलेली नसतात, लहान झालेली असतात, आणि जे लहान झाले आहे ते काही अंशी पुन्हा मोठे करता येते. 'केस जाड होतील का' या प्रश्नाला त्या सकाळी 'होय' असे उत्तर देता येण्यासारखे एकच डोके खोलीत होते, आणि ते प्रश्न विचारणारीचे नव्हते.

हिमोग्लोबिन आणि थायरॉइड ठीक होते. आईला रक्तदाबाची गोळी चालू होती, त्यामुळे रक्तदाब, नाडी आणि वजन नोंदवून मिनॉक्सिडिलचा 5 टक्के फेस दिवसातून एकदा, कोरड्या टाळूवर लावायला दिला. हे मुळात रक्तदाबाचेच औषध. 1979 पासून गोळीच्या रूपात वापरात आले, ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागल्याचे दिसले आणि 1988 मध्ये अमेरिकेत टाळूवर लावण्यासाठी त्याला मान्यता मिळाली. टाळूतील एका विकराने (एन्झाइमने) त्याचे रूपांतर झाल्यावरच ते काम करते, आणि तो विकर सगळ्यांमध्ये सारखा नसतो. म्हणून काहींना गुण येत नाही. प्लाझ्माची इंजेक्शने आणि इतर पर्यायही सांगितले, पण सुया आणि खर्च दोन्ही तिला नको होते.

"मग मीही हेच लावते," असे मुलगी म्हणाली. मी नकार दिला. तिचा केस आकसलेला नाही, त्यामुळे परत मिळवण्यासारखे काही नाही. औषधाने जो काही थोडा परिणाम होईल तो बंद केल्यावर काही महिन्यांत जातो. आणि डिसेंबरमध्ये तिचे लग्न ठरले होते, गरोदरपणात हे औषध चालत नाही. केसाची मूळ घडण बदलण्यासाठी आयुष्यभर औषध लावणे मला योग्य वाटत नाही, आणि हे मत मी तिला मत म्हणूनच सांगितले.

पाचव्या आठवड्यात आईचा घाबरलेला फोन आला: फणीला पूर्वीपेक्षा दुप्पट केस येत होते. असे होणार हे आधी सांगितले होते, तरी प्रत्यक्ष फणी पाहिल्यावर सांगणे कोणाच्या लक्षात राहते? विश्रांतीच्या अवस्थेतील केस नव्या वाढीसाठी जागा करून देतात, म्हणून सुरुवातीला गळती वाढते आणि बहुधा दोन महिन्यांत थांबते. तशी ती थांबली. तिसऱ्या महिन्यात कानशिलांवर लव वाढल्याचे दिसले; फेस हातावर घेऊन थेट टाळूवर लावण्याऐवजी ती कपाळावरून मागे पसरवत होती. पद्धत बदलल्यावर तेही कमी झाले. सहा महिन्यांनी माथ्यावरची सरासरी 49 झाली, वर्षभराने 53. विशीतले 66 परत आले नाहीत आणि येतील असे मी म्हटलेही नव्हते. भांगाची रेघ मात्र फोटोंमध्ये उघड अरुंद झाली आहे आणि लवेसारखे केस संख्येने कमी दिसतात.

मुलीचे केस वर्षभरानेही 52 च. फेरिटिन वाढले, थकवा कमी झाला, विंचरताना येणारे केस थोडे कमी झाले असे ती म्हणते. जाडीत फरक नाही. लग्नात तिने खांद्यापर्यंतच्या केसांचा छोटा अंबाडा घातला आणि त्याला फाती बांधण्यासाठी आईचे गंगावन आत भरले. माय-लेकींच्या केसांतला 14 मायक्रॉनचा फरक त्या दिवशी उपयोगी पडला. बायोटिन तिने बंद केले आहे.

आईचे औषध चालू आहे. मध्यंतरी चतुर्थीच्या धामधुमीत ते तीन आठवडे राहून गेले आणि सगळे वाया गेले असे समजून ती थेट दवाखान्यात आली. एवढ्या खंडाने काही होत नाही, पण कायमचे बंद केले तर चार-सहा महिन्यांत माथा पूर्वस्थितीला येईल, हे तिला दुसऱ्यांदा सांगितले. पुढची मोजणी जानेवारीत, त्याच प्रयोगशाळेत, त्याच उपकरणाने करायची ठरली आहे.